धामापुरातून डॉलर!

आमच्या धामापुरातून आजवर बाहेर गेले ते नारळ, सुपारी, काजू, आंबे आणि मुंबईला नोकरी शोधायला निघालेली माणसे. या गावातून अमेरिकेला काही विकता येईल, अशी कल्पना आमच्या सात पिढ्यांत कोणाला सुचली नव्हती. म्हणून दोन वर्षांपूर्वी चतुर्थीला गावी गेलो असता माझा पुतण्या जेव्हा म्हणाला, "काका, मी हल्ली फोटो विकतो. परदेशात!" तेव्हा मी प्रथम त्याच्याकडे आणि मग त्याच्या आईकडे पाहिले.

"तुम्हीच विचारा भावोजी, हा काय प्रकार आहे तो," वहिनी म्हणाल्या. "पदवी झाली, परीक्षांचे अर्ज भरून झाले, आणि आता दिवसभर तळ्याच्या काठाने फिरत असतो. अडतीस हजारांचा जुना कॅमेरा घेतला आहे. जुना बरे का!"

मी मराठीचा प्राध्यापक. फोटोग्राफीशी माझा संबंध वर्षातून एकदा, वर्गाच्या फोटोत मधल्या खुर्चीवर बसण्यापुरता. पण घरातल्या शिकलेल्या माणसाने मत द्यायचे असते, असा आपल्याकडे दंडक आहे. तेव्हा मत देण्यापूर्वी मी माहिती घेतली. ती माहिती, आणि तिच्या मागोमाग आमच्या घरात जे घडले ते, या लेखात सांगतो. वाचकांपैकी अनेकांच्या घरी कॅमेऱ्याचा नाद लागलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच. त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

उसनवार देणारी देवी

धामापूरचा तलाव पाहिला नसेल, तर एकदा अवश्य पाहा. कुडाळहून मालवणकडे जाताना डोंगरांच्या कुशीत हे पाणी अचानक समोर येते. १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी हा तलाव बांधला. आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने २०२० साली जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत त्याची नोंद केली. काठावर भगवतीचे देऊळ आहे, आणि त्या देवळाची एक दंतकथा आहे. पूर्वी गावात लग्नकार्य निघाले, की गरजू माणूस फुलांची परडी पाण्यात सोडी. परडी बुडे आणि वर येई ती दागिन्यांनी भरलेली! कार्य उरकले की दागिने परत पाण्यात सोडायचे. पुढे एकाला लोभ सुटला आणि त्याने ते परत केले नाहीत. तेव्हापासून परडी रिकामीच वर येते.

पुतण्याचा धंदा मला समजला तो या कथेमुळे. तो म्हणाला, "काका, मी फोटो विकत नाही. वापरायला देतो. फोटो माझाच राहतो."

"म्हणजे भगवतीसारखा?"

"तसेच. फक्त मला दागिने परत येण्याची वाट पाहावी लागत नाही. एकच दागिना एकाच वेळी शंभर जणींना देता येतो."

या धंद्याचे मर्म यातच आहे. वर्तमानपत्रे, जाहिरात संस्था, पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक, प्रवासी कंपन्या या सर्वांना रोज चित्रे लागतात. प्रत्येक वेळी छायाचित्रकार पाठवणे कोणालाच परवडत नाही. तेव्हा ते तयार चित्रांच्या कोठारात जातात, हवे ते निवडतात आणि ते वापरण्याचा परवाना विकत घेतात. कोठारवाला आपला वाटा कापून घेतो आणि उरलेले छायाचित्रकाराला देतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेही फोटोचा कर्ता छायाचित्रकारच मानला आहे. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे आमच्या पुतण्याने तळ्याकाठी काढलेल्या फोटोचे भाडे त्याच्या नातवंडांनाही मिळू शकेल, मिळालेच तर!

कोठारे कशी उभी राहिली

हा धंदा इंटरनेटने जन्माला घातला, अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्सने १९२० सालीच असे कोठार उघडले होते. ओटो बेटमन हा बर्लिनचा ग्रंथपाल नाझींच्या जाचामुळे १९३५ साली चित्रांनी भरलेल्या ट्रंका घेऊन न्यूयॉर्कला उतरला आणि त्या ट्रंकांतून त्याने जगप्रसिद्ध संग्रह उभा केला. आज त्या संग्रहाची मूळ छायाचित्रे पेनसिल्व्हेनियात चुनखडीच्या एका जुन्या खाणीत, थंडगार कोठडीत जपून ठेवलेली आहेत. आपल्याकडे मुंबईत जगदीश अगरवाल यांनी १९८७ साली 'दिनोदिया' ही संस्था काढली. दिल्लीत संदीप माहेश्वरी यांनी २००६ साली भारतीय चेहऱ्यांच्या छायाचित्रांसाठी 'इमेजेसबझार' सुरू केले.

खरी उलथापालथ झाली ती २००० सालानंतर. कॅनडात कॅलगरीच्या ब्रूस लिव्हिंगस्टनने त्या साली 'आयस्टॉकफोटो' काढले आणि कोठाराचे दार हौशी माणसांना खुले केले. १९९५ साली स्थापन झालेल्या 'गेटी इमेजेस' या बड्या पेढीने ते २००६ साली पाच कोटी डॉलरांना विकत घेतले. न्यूयॉर्कच्या जॉन ओरिंजरने २००३ साली स्वतः काढलेल्या ३०,००० फोटोंवर 'शटरस्टॉक' उभे केले. पुढे 'अडोबी'ही या बाजारात उतरली. २०२५ च्या जानेवारीत तर गेटी आणि शटरस्टॉक यांनी एकत्र येण्याचा बेत जाहीर केला. दुकानदार कमी होत चालले आणि माल देणारे वाढत चालले, की मालाला भाव काय येतो, हे काजू विकणाऱ्या कोणाही धामापूरकराला विचारावे!

पण एखादाच फोटो नशीब काढतो. चार्ल्स ओ'रियर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कडेला मोटार थांबवून एका हिरव्या टेकडीचा फोटो घेतला आणि तो अशाच एका कोठारात ठेवून दिला. पुढे मायक्रोसॉफ्टने तो घेतला. २००१ नंतर आपल्या बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर, माझ्या कॉलेजच्या कचेरीत संगणक उघडला की जी निळ्या आकाशाखालची हिरवी टेकडी दिसे, ती हीच. पुतण्याने हा किस्सा आपल्या आईला दहा वेळा ऐकवला होता. लॉटरी लागलेल्या माणसाची गोष्ट सांगणाऱ्याकडे आया ज्या नजरेने पाहतात, त्याच नजरेने वहिनी त्याच्याकडे पाहत होत्या.

हिशेबाची वही

"पण मिळते किती?" हा प्रश्न मी विचारला, वाचकही विचारीत असतील.

अडोबीच्या कोठारात छायाचित्रकाराला विक्रीच्या ३३ टक्के मिळतात. शटरस्टॉकने २०२० च्या जूनपासून १५ ते ४० टक्के अशी शिडी लावली आहे. जितकी विक्री अधिक तितकी पायरी वरची, आणि दर १ जानेवारीला सर्वांनी पुन्हा खालच्या पायरीवर यायचे. ऐकायला टक्के बरे वाटतात. पण ग्राहकांनी महिन्याची वर्गणी भरून शेकड्यांनी चित्रे उचललेली असतात. त्यामुळे एका फोटोमागे पदरात पडतात ते कधी दहा सेंट, म्हणजे आपले आठ-नऊ रुपये! क्वचित एखादी मोठी विक्री होते आणि एकदम काही डॉलर जमा होतात.

पुतण्याने पहिल्या वर्षी सहाशे फोटो पाठवले. त्यातले दीडशेवर परत आले: हा अंधुक, तो तिरपा, याच्यासारखे हजारो आमच्याकडे आहेत. वर्षाअखेर जमा झाले ४१ डॉलर. साडेतीन हजार रुपयांच्या आतबाहेर. कॅमेऱ्याची किंमत फिटायला या हिशेबाने अकरा वर्षे लागतील, असे मी गणित करून दाखवले. तो म्हणाला, "काका, माड लावला की पहिल्या वर्षी नारळ मागतात का?"

उत्तर बिनतोड होते. मी मत राखून ठेवले.

पन्नास शब्दांची परीक्षा

फोटो पाठवला की काम संपत नाही. त्याला मथळा द्यावा लागतो आणि सुमारे पन्नासपर्यंत शोधशब्द जोडता येतात, तेही बहुधा इंग्रजीत. ग्राहक शब्द टाकून शोधतो; ज्या चित्राला तो शब्द चिकटवलेला नाही, ते चित्र त्याच्या लेखी जगात नाहीच. पुतण्याला फोटो छान साधत, पण शब्द सुचत नसत. पडवीला 'व्हरांडा', खळ्याला 'कोर्टयार्ड', आडाळ्याला 'चाकू' असे लिहून तो मोकळा होई.

शब्द म्हटल्यावर मी पुढे सरसावलो. वीस वर्षे समानार्थी शब्द शिकवणाऱ्या माणसाला याहून मोठे निमंत्रण कोणते? चतुर्थीची ती सुट्टी मी त्याच्या शेजारी बसून काढली. एकेका फोटोला चाळीस-चाळीस शब्द जोडले. आमच्या काकीच्या फोटोलाही जोडले.

काकी, म्हणजे माझी चुलती, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. सकाळच्या उन्हात पडवीच्या पायरीवर बसून, हनुवटी तळहातावर टेकवून ती रस्त्याकडे पाहते आहे, असा तो फोटो. अप्रतिम होता. ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो जाहिरातीसाठी द्यायचा तर त्याच्या सहीचे संमतिपत्र लागते, आणि त्यावर साक्षीदाराची सही. कागद इंग्रजीत होता. मी तो वाचून तिला मालवणीत सांगितला.

"माझो फोटो कोणाक व्हयो रे?" काकी हसली. "आणि त्येचे पैशे देतत?"

"देतात. भाडे समज."

"तू वाचलंस मां? मग झाला," असे म्हणून चौथी शिकलेल्या काकीने ठसठशीत सही केली. खाली साक्षीदार म्हणून माझी.

तो फोटो चांगला खपला. पुतण्याच्या साऱ्या मालात तोच पहिला आला.

जाहिरात

पुढल्या वर्षी मार्च महिन्यात डोंबिवलीहून माझ्या चुलत भावाचा, काकीच्या मुलाचा, फोन आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणून मी अधिक घाबरलो.

"दादा, मी आईला टाकले आहे काय?"

त्याच्या कचेरीतल्या कोणीतरी त्याला मोबाईलवर एक जाहिरात पाठवली होती. दूरच्या एका राज्यातल्या वृद्धाश्रमाची. हिंदीत मजकूर होता: मुलांनी पाठ फिरवली तरी आम्ही आहोत, अशा अर्थाचा. आणि वर आमची काकी, पायरीवर, हनुवटी तळहातावर. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'चित्र प्रातिनिधिक' असेही होते. पाठवणाऱ्याने खाली विचारले होते, 'या तुमच्या गणपतीच्या फोटोतल्या आईच ना?'

हा भाऊ दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे पाठवतो, रोज रात्री फोन करतो, आणि काकीने डोंबिवलीला यावे म्हणून दहा वर्षे मिनतवाऱ्या करतो आहे. तळे आणि देऊळ सोडून ती येत नाही. त्याला मी काय सांगणार?

आम्ही कोठारवाल्यांना लिहिले. फोटो विक्रीतून काढून टाकता येतो. पण ज्यांनी आधीच परवाना घेतला, त्यांचा परवाना कायम राहतो, असे उत्तर आले. माणसाला कमीपणा आणणाऱ्या वापरावर बहुतेक कोठारांची बंधने असतात. पण 'प्रातिनिधिक' अशी टीप टाकली की बरीच वाट मोकळी होते. अखेरीस मी त्या आश्रमालाच फोन केला. व्यवस्थापक सज्जन निघाले. जाहिरात काढतो म्हणाले, आणि पंधरवड्यात त्यांनी ती काढलीही. सहज म्हणून मी विचारले, "एवढ्या हजारो चित्रांतून तुम्हाला हेच कसे सापडले?"

ते म्हणाले, "आम्ही 'अबँडन्ड' हा शब्द टाकून शोधले. पहिल्याच पानावर या माताजी होत्या."

अबँडन्ड. टाकलेली. हा शब्द पुतण्याचा नव्हता. 'ओल्ड' आणि 'वुमन' लिहून तो थांबला होता. त्यापुढे 'लोनली', 'फॉरलॉर्न', 'अबँडन्ड' अशी चढती भाजणी मी लावली होती, आणि लावताना स्वतःच्या शब्दसंपत्तीवर खूष झालो होतो. मी पुतण्याला फोन करून हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, मला ते शब्द तेव्हाच खटकले होते. पण तुम्ही प्राध्यापक."

मुंबईत छायाचित्रणाचे पहिले मंडळ १८५४ साली निघाले, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्यात होते. दाजींचे मूळ गाव मांद्रे आमच्या मुलखाच्या अगदी शेजारचे. त्या मंडळातल्या विल्यम जॉन्सनने १८६३ ते १८६६ या काळात मुंबईच्या लोकांच्या छायाचित्रांचे ग्रंथ काढले. त्यात चित्राखाली माणसाचे नाव नसे. त्याची जात किंवा जमात लिहिलेली असे. ते ग्रंथ वर्गात दाखवून, साहेबाने आपल्या माणसांना नुसती लेबले लावली, असे मी तावातावाने सांगत आलो आहे. स्वतःच्या चुलतीला लेबल लावताना मला त्यातले काही आठवले नव्हते.

मे महिन्यात गावी गेलो तो काकीसमोर बसण्यासाठीच. सारे सांगितले. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली,

"एकटी खय रे? मी मासळीवालीची वाट बघी होतंय. ती मेली त्या दिसा उशिरा इली."

पुतण्या हसला. मला हसू आले नाही. काकीला ते कळले असावे. तिने मला उठवून तळ्यावर देवीला नारळ ठेवायला पाठवले. भावाने मात्र माझ्याशी बोलायला पुढली चतुर्थी उजाडू दिली.

ज्यांना हा जोडधंदा करायचा आहे

म्हणून तो करूच नये, असे माझे म्हणणे नाही. अनुभवाने ठरलेल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली: याला नोकरी समजू नये. वयाची अठरा वर्षे पुरी लागतात. साधा चांगला मोबाईलही सुरुवातीला पुरतो. फोटो शेकड्यांनी आणि सातत्याने पाठवावे लागतात. कर्ज काढून कॅमेरा घेऊ नये.

दुसरी: कागदपत्रे आधी पुरी करावीत. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो. तो सरसकट ३० टक्के असतो. 'डब्ल्यू-८बेन' नावाचा फॉर्म पॅन क्रमांकासह भरला, तर भारत-अमेरिका करारामुळे तो १५ टक्क्यांवर येतो. आपल्या इथल्या आयकराच्या विवरणातही ही मिळकत दाखवावी लागते.

तिसरी: जे सर्वत्र आहे ते काढू नये. सूर्यास्त जगात सगळीकडे होतो. आता तर यंत्रच सांगाल ते चित्र रंगवून देते. अडोबीने २०२२ च्या अखेरीपासून अशी चित्रे तशी नोंद करून विक्रीला घेतली आहेत, आणि आपली छायाचित्रे न विचारता यंत्राला शिकवायला वापरली म्हणून गेटीने २०२३ साली एका कंपनीवर दावा लावला. संगणकापुढे हसणारी तरुणी यंत्र हवी तितकी काढील. धामापूरच्या एका घरातली यंदाची माटवी मात्र तिथे उभे राहूनच काढावी लागते. असे फोटो 'वृत्तोपयोगी' म्हणून देता येतात. ते जाहिरातीला चालत नाहीत, पण पुस्तकांना आणि वर्तमानपत्रांना लागतात.

चौथी: माणसाचा फोटो असेल तर त्याला नुसता कागद वाचून दाखवू नये, शब्दही वाचून दाखवावेत.

यंदाची माटवी

यंदा चतुर्थीला डोंबिवलीची मंडळी आली होती. गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधून झाल्यावर पुतण्याने तिचा फोटो घेतला आणि सवयीने माझ्याकडे पाहिले. मी काकीकडे बोट दाखवले. तिने एकेक फळ हातात धरून नाव सांगितले: कवंडळ, कांगले, नरमाची फळे, सुपारीचे शिपटे. मी लिहून घेतले. पुतण्याने प्रत्येकाचे शास्त्रीय नाव शोधून इंग्रजी शब्दांबरोबर जोडले. कवंडळ मात्र कवंडळच ठेवले. चुलत भाऊ मागे उभा राहून वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने मला विचारले, "दादा, चहा घेणार?" सहा महिन्यांतले हे त्याचे माझ्याशी पहिले वाक्य.

तो फोटो आतापर्यंत दोनदा गेला. कोणी घेतला ते कळत नाही. विक्री झाल्याच्या जागी नकाशावर एक ठिपका तेवढा दिसतो. एक ठिपका युरोपात आहे, दुसरा पुण्यात. दोन्ही मिळून एक डॉलर आणि काही सेंट.

पायरीवरचा फोटो आता कोठारात नाही. त्याचे जे नऊ डॉलर आले होते, त्यांचे रुपये करून पुतण्याने काकीच्या हातात ठेवले. तिने ते कनवटीला लावले आणि त्याच संध्याकाळी बांगडे आणवले. हल्ली फोनवर ती मला तब्येत वगैरे विचारते, आणि ठेवण्याआधी आठवणीने म्हणते, "भाडा इला काय रे?"